पेशव्यांच्या घोडदळाला रंगाचा एकच हात

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. टेबलावर लढाई खेळायच्या छोट्या मूर्तींसाठी, म्हणजे मिनींसाठी, सिटाडेल या गेम्स वर्कशॉपच्या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट नावाचे रंग मिळतात. ते मराठा घोडदळासाठी डोळे झाकून घ्या. लाल डगल्यातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींसाठी घेऊ नका. आणि टेबलावरची जमीन, शेतं, झाडं यांवर तर एक थेंबही घालू नका, त्यासाठी पुण्याच्या बाजारातली बोहरी आळी आहे.

मी पेशाने दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढांत डोकं घातल्यावर संध्याकाळी पुन्हा भिंग लावून 28 मिलिमीटरची माणसं रंगवत बसायची हौस कुणाला असेल, असं घरचे विचारतात. पण भिंग, बारीक हत्यारं, न हलणारा हात हे सगळं माझ्याकडे फुकटात होतंच. फक्त वेळ नव्हता. म्हणून हे रंग.

सध्या टेबलावर खडकीची लढाई आहे. 5 नोव्हेंबर 1817. बापू गोखल्यांच्या हाताखालचं पेशव्यांचं सैन्य गणेशखिंडीकडून खडकीच्या दिशेने उतरलं, तेच ते मैदान. आज विद्यापीठ चौकात सिग्नलला उभं राहून आपण जो अर्धा तास घालवतो, तो ऐतिहासिक जागेत घालवतो एवढंच समाधान. इतिहासात आकडे सांगतात ते असे: पेशव्यांकडे 18,000 स्वार आणि 8,000 पायदळ, इंग्रजांकडे सगळे मिळून 2,800. एका मिनीला शंभर माणसं असा हिशेब धरला, तरी इंग्रज अठ्ठावीस होतात आणि आपले नुसते घोडेस्वार एकशे ऐंशी. म्हणजे एकशे ऐंशी घोडे, त्यांवर एकशे ऐंशी माणसं, खोगिरं, लगाम, पागोटी, भाले, ढाली. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आधी मूळ रंग, मग सांदीत गडद, मग उंचवट्यावर उजळ, असं तीन-चार थरांत रंगवायला गेलं तर माझ्या निवृत्तीपर्यंत बापू गोखले गणेशखिंडीतच उभे राहतील.

कॉन्ट्रास्टची युक्ती साधी आहे. 2019 साली गेम्स वर्कशॉपने हे रंग आणले. रंगद्रव्य एका पातळ, वाहत्या माध्यमात असतं. पांढुरक्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पायाच्या थरावर, एकच हात मारायचा. रंग उंचवट्यावरून ओघळून सांदीकोपऱ्यात साचतो. साचला तिथे गडद, निथळला तिथे खालचा पांढरेपणा डोकावतो. सावली आणि उजेड एकाच फटक्यात. नंतर बाकीच्या कंपन्यांनीही याच धर्तीवर रंग काढले, आर्मी पेंटरचे स्पीडपेंट, व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर. मी हे तिन्ही थोडेथोडे वापरलेत आणि खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं तिघांनाही लागू आहे. पण माझ्या शेल्फवर जास्त बाटल्या कॉन्ट्रास्टच्या आहेत, म्हणून नावं त्यांची.

आता घोडा बघा, कारण या रंगांचं खरं काम घोड्यावरच दिसतं. रेथबोन नावाचा हस्तिदंती प्रायमर मारलेला घोडा घ्यायचा. गोर-ग्रुंटा फर हा तांबूस तपकिरी रंग ब्रश भरून घ्यायचा, चांगला भरून, कंजुषी नको. पाठीपासून सुरुवात करायची आणि खाली पोटाकडे, मग पायांकडे ओढत न्यायचं. मानेखालच्या स्नायूंत, फऱ्याच्या मागच्या खळगीत, मांडीच्या वळणावर तो आपसूक जमा होतो. पोटाखाली थेंब लोंबायला लागला की ब्रश पुसून, जरासा ओलसर करून त्या टोकाने तो थेंब टिपून घ्यायचा. बस. मिनिटभरात कुम्मैत तयार. वाळल्यावर आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय वाइल्डवुडने काळसर करायचे. पंचकल्याणी हवा असेल तर चारही पायांना खुराच्या वर आणि कपाळावर साधा अपारदर्शक पांढरा. सबज्या, म्हणजे करड्या, घोड्याला बेसिलिकानम ग्रे, पण त्यात त्यांचंच माध्यम निम्म्याला निम्मं घालून, नाहीतर घोडा सबजा न होता शाळेच्या पाटीसारखा दिसतो. अबलख करायचा असेल तर आधी पूर्ण पांढरा ठेवून तपकिरी ठिगळं हाताने काढावी लागतात, तिथे कॉन्ट्रास्टचा फारसा उपयोग नाही. कडा पसरतात.

माध्यमाचं म्हटलं ते महत्त्वाचं. पातळ करायला पाणी घालू नये. पाण्याने त्या माध्यमाची पकड सुटते आणि वाळल्यावर डबक्याच्या काठासारख्या रेघा उठतात. त्यांचं कॉन्ट्रास्ट मीडियम वेगळं मिळतं, तेच घ्या. आणि अर्धवट वाळलेल्या जागेवर परत ब्रश नेऊ नका. "मावशी, इथे जरा पांढरं राहिलंय" असं भाचा म्हणाला तरी नाही. पूर्ण वाळू द्या, मग काय ती डागडुजी.

कपड्यांनाही हे रंग फार शोभतात, आणि इथे आपलं सैन्य नशीबवान आहे. शिलेदारांना गणवेश नव्हता. अंगरखे, शेले, कंबरेला आवळलेले पट्टे, पागोट्यांचे पीळ. सगळ्या चुण्याच चुण्या. एका स्वाराला ब्लड एंजल्स रेडचं पागोटं, दुसऱ्याला डार्क एंजल्स ग्रीनचा अंगरखा, तिसऱ्याला ग्रिफ-हाउंड ऑरेंजचा शेला. रंग चुणीत शिरून बसतो आणि पिळाच्या कडा उजळ राहतात. पांढरे कपडे मी स्केलेटन होर्डने करते, माध्यमाने बराच पातळ करून. झकपक पांढरं नको, चार मुक्काम करून आलेल्या माणसाचं पागोटं हवं. चेहऱ्यांना मात्र जपून. 'फ्लेश' नाव असलेले काही रंग गोऱ्या कातडीसाठी केलेत. आपल्या माणसांसाठी मी स्नेकबाइट लेदर आणि फायरस्लेयर फ्लेश एकत्र करते, दर चार-पाच चेहऱ्यांमागे प्रमाण थोडं बदलून. सगळे स्वार एकाच आईची मुलं दिसायला नकोत.

हे रंग पाण्यासारखे वाहतात, त्यामुळे बाटलीतून थेट ब्रश भरायची सवय नको. मी दवाखान्यातली काचेची डॅपन डिश वापरते. अंगठ्याएवढी जाड काच, दोन्हीकडे खळगा, उलटता उलटत नाही. डेंटलच्या दुकानात स्वस्तात मिळते. या छंदातल्या लोकांना ती अजून सापडलेली नाही याचं मला नवल वाटतं.

आता पुण्याच्या हवेबद्दल. या रंगांचा अर्धा निकाल खालच्या प्रायमरवर असतो. प्रायमर गुळगुळीत नसेल तर रंगद्रव्य त्या खरखरीत कणांत अडकतं आणि घोड्याला गोवर आल्यासारखा दिसतो. स्प्रेचा डबा एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर मारला तर फवारा हवेतच वाळतो आणि मिनीवर पीठ बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या दमटपणाने प्रायमरवर धुरकट साय येते. सकाळी लवकर, उन्हाळ्यात सातच्या आत, आणि पावसाळ्यात स्प्रे बंदच. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा, दोन पातळ हात, मधे नीट वाळू द्यावं. आणि रंगवताना डोक्यावरचा पंखा बंद. पंख्याखाली वरचा थर चटकन ओढतो आणि रंग ओघळायच्या आतच थिजतो, मग सगळी जादूच जाते. घाम पुसत रंगवायची तयारी ठेवा.

काळ्या प्रायमरवर सुक्या ब्रशने आधी राखाडी, मग पांढरा घासायचा आणि त्यावर कॉन्ट्रास्ट, ही पद्धतही बऱ्याच जणांना आवडते. सांदीतलं काळं जसंच्या तसं राहतं आणि लांबून बघायला जोरदार दिसतं. घोड्यांसाठी मी ती वापरत नाही, काळपट होतात. तोफा, चाकं, दारूगोळ्याच्या पेट्या यांना मात्र उत्तम.

इंग्रजांकडे या. मुंबईहून आलेली गोऱ्यांची पलटण आणि शिपायांच्या पलटणी, सगळ्यांचे लाल डगले, त्यावर छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे. अठ्ठावीसच मिनी आहेत, पण कॉन्ट्रास्टने रंगवायला गेलं की जीव नकोसा होतो. डगल्याची पाठ सपाट असते. सपाट जागेवर रंग ओघळायला सांद मिळत नाही, मधेच डाग धरून बसतो. पांढरे पट्टे तर या रंगाने होतच नाहीत, लालावर पांढरा म्हणजे अपारदर्शकच लागतो. इथे व्हॅलेहो मॉडेल कलरसारखे साधे रंग घ्यावेत, ड्रॉपरची बाटली, ओल्या पॅलेटवर पातळ करून दोन हात. ओलं पॅलेट विकत आणायची गरज नाही. झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. रात्री झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी रंग तसाच. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मिनी कुठून आणल्या असं विचाराल. थोड्या परदेशी धातूच्या, पण बहुतेक रेझिनच्या, फाइल विकत घेऊन पुण्यातच एकाकडून थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलेल्या. त्याचं नाव लिहीत नाही. छपाईची बारकाई वाखाणण्यासारखी, लगामाचा पट्टासुद्धा स्पष्ट. पण एक खेप चिकट निघाली. अल्कोहोलमध्ये नीट धुतलेली नाही आणि प्रकाशात पुरेशी कडक केलेली नाही. अशा मिनीवर प्रायमर धरत नाही, नखाने सोलून निघतो. फोन केला तर "मॅडम, उन्हात ठेवा, होईल" असं उत्तर. उन्हात ठेवून झालं, हे खरं, पण पैसे पूर्ण घेतल्यावर ऊन आमचं का? माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींसाठी टीप: आपला दाढ भरायचा निळा दिवा यासाठी चालत नाही. तो साधारण 450 ते 470 नॅनोमीटरचा असतो, छपाईचं रेझिन बहुधा 405 वर बसतं. छापून घेताना पातळ भाले छापूच नका असं आवर्जून सांगा. रेझिनचा भाला खेळताना पहिल्याच संध्याकाळी तुटतो. मी नायलॉनच्या ब्रशचे जाड केस कापून लावते, वाकतात पण मोडत नाहीत.

मैदानाला कॉन्ट्रास्ट का नको, तर पैशांसाठी. 18 मिलीची बाटली मला सहा-सातशेच्या आसपास पडते. घोड्यांवर ती पुरते, पण काथ्या किंवा भुसा ती एका घोटात पिऊन टाकतो. आणि दोन फुटांवरून बघायच्या जमिनीला इतकी नाजूक सावली कशाला?

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ त्या दिवशी स्वतः तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय ते वाचून मी टेबलाचा आराखडा केला: पेशव्यांचं सैन्य भरतीच्या लोंढ्यासारखं आलं, कुंपणं आणि उभी पिकं आडवी होत गेली, शेतकरी कामं टाकून पळाले, बैल जू मोडून सुटले, हरणं दचकून उठली आणि थांबून वळून बघायला लागली. म्हणजे खडकीच्या टेबलावर नुसतं हिरवं कापड पसरून भागत नाही. शेतं हवीत, कुंपणं हवीत, बैलजोडी हवी. आणि हरणं तर हवीतच. ती मी दोन केली आहेत, एक पळतंय आणि एक मान वळवून बघतंय. त्यांना कॉन्ट्रास्ट लावला हे कबूल, स्नेकबाइट लेदरचे दोन थेंब. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात ती आहेत तिथे भाचा अजून एकही पलटण नेत नाही.

खालचा पाया सहा मिलिमीटरचं एमडीएफ, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मापात कापून आणलेलं. टेबल सहा बाय चार फुटांचं. दोन तुकडे करून घ्या, एक तुकडा पुण्याच्या कुठल्याही फ्लॅटच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. टेकडीसाठी थर्माकोलपेक्षा दाट फोम चांगला, इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्यांकडे मिळतो. कापल्यावर मण्यांसारखे गोळे उडत नाहीत. थर्माकोलच वापरणार असाल तर त्यावर स्प्रे थेट मारू नका, स्प्रेतलं द्रावण त्याला खाऊन टाकतं आणि टेकडीत खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग मिसळून दोन हात, मग काय ते. आणि टेकडी गोल गरगरीत करू नका. आपल्याकडचा डोंगर काळ्या पाषाणाचा, थराथराने उतरणारा असतो. फोमच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या सरकवून लावा, कडा सुरीने तोडा, ताबडतोब गणेशखिंड.

ज्वारीच्या शेतांसाठी बोहरी आळीतलं काथ्याचं पायपुसणं. जाड, उभ्या काथ्याचं, खाली रबर नसलेलं मिळालं तर उत्तम. कटरने तळहाताएवढे तुकडे करायचे. पावलांच्या ठशासारख्या खाचा पाडायच्या, कारण स्वार आत शिरणार. बुडख्याला शाळेतल्या पोस्टर रंगाची हिरवी धुवण, शेंड्याला पिवळसर फिका रंग सुक्या ब्रशने. परदेशी तयार पिकाच्या छोट्याशा पट्टीला जे पैसे मागतात, त्यात अख्ख्या टेबलाची ज्वारी होते. कुंपणांना नारळाच्या झाडूच्या काड्या आणि काळा दोरा.

मातीसाठी काळी माती चाळून, फेव्हिकॉल आणि थोडी पांढरी रांगोळी मिसळून गिलावा करते. रांगोळीचे कण खडबडीतपणा देतात. हिरवी रांगोळी गवत म्हणून वापरायचा सल्ला काही जण देतात, तो घेऊ नका, दिव्याखाली बटबटीत दिसते. झाडांना वाळलेली तुळस. जून झालेल्या तुळशीचा खोडासकट सांगाडा इतका झाडासारखा दिसतो की त्याला फक्त फांद्यांच्या टोकांना रंगीत भुसा चिकटवायचा असतो. बाभळीच्या छत्रीसारखी बसकी छटा हवी असेल तर वरून कापून सपाट करा. सुचिपर्णी झाडांचे तयार संच मिळतात ते खडकीत शोभत नाहीत, हे सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दलदल. इंग्रजांची एक पलटण पुढे सरकून उघडी पडली आणि गोखल्यांच्या घोडदळाने तिच्यावर झेप घातली, पण मधे चिखल होता आणि घोडे त्यात अडकले. टेबलावर ही जागा लांबून कळू नये अशी हवी, नाहीतर खेळात मजा काय! मी तिथे जमीन दोन मिलिमीटर खरवडली, काळसर तपकिरी रंग दिला आणि चमकदार व्हार्निशमध्ये थोडा तपकिरी रंग कालवून पातळ थरांत ओतलं. एकदम जाड थर ओतला तर वाळताना भेगा पडतात. वर काथ्याचे चार कोंब. शेताच्या हिरव्यात मिसळून जातं. नियम असा ठेवला आहे की त्यात शिरणाऱ्या प्रत्येक तुकडीने फासा टाकायचा, एक किंवा दोन आले तर ती तिथेच थांबते. भाच्याला मैदान आता पाठ झालंय, पण बापू गोखले होऊन बसला की तो हल्ला नेतोच.

शेवटी व्हार्निश. कॉन्ट्रास्टचा रंग बोटांच्या घर्षणाने कडांवरून निघतो, घोड्याचे कान आणि पागोट्याचा तुरा सगळ्यात आधी पांढरे पडतात. आधी चकचकीत व्हार्निशचा एक हात संरक्षणाला, मग मॅटचा एक चमक घालवायला. हातात घेऊन खेळायच्या मिनीला हे टाळू नका. स्प्रेचं मॅट पावसाळ्यात नको, कारण वर सांगितलंच.

पूर्ण संच घ्यायला कुणी भरीला पाडलं तर नाही म्हणा. मराठा सैन्यासाठी गोर-ग्रुंटा फर, स्नेकबाइट लेदर, वाइल्डवुड, स्केलेटन होर्ड, ब्लड एंजल्स रेड, ग्रिफ-हाउंड ऑरेंज आणि एक मीडियम, एवढ्यावर शंभरावर घोडेस्वार होतात. फ्लेश आणि हिरवा नंतर घेतले तरी चालतात. मीडियम मात्र दोन घ्या, तेच आधी संपतं. भगव्यासाठी ऑरेंज पांढऱ्या प्रायमरवरच चालवा, करड्यावर तो विटकरी होतो. जरीपटक्याला कॉन्ट्रास्टचा पिवळा नको, साधा धातूचा सोनेरी घ्या.